मालनताई आणि किलोभर कार्बन

मालन नागवेकर एकतीस वर्षं रत्नागिरीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती, आणि एकतीस वर्षांत तिला कुणी एकदाही मॅडम म्हटलं नाही. मॅडम म्हणजे फळ्यासमोर उभ्या राहतात त्या. मालन बाटल्या धुवायची, द्रावणं करून ठेवायची, फुटलेल्या काचेची नोंद करायची, आणि नव्याने लागलेल्या प्राध्यापकाचा प्रयोग मुलांसमोर फसायला लागला की त्याच्या कानाशी जाऊन हळूच सांगायची, "सर, ती बाटली नको. तिच्या शेजारची." ती मालनताई. कुणी हळहळू नये. तिला स्वतःला कधी हळहळ वाटली नाही. कोणती बाटली ते आपल्याला ठाऊक असतं आणि सरांना नसतं, यात तिला पुरेसं सुख होतं.

तिच्या बापाची होडी होती. बारावी सायन्स झालेली ती वाडीतली पहिली मुलगी. पुढे शिकायचं राहिलं, नोकरी लागली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे वाडीने वीस वर्षं विचारलं, मग वाडी दमली. मिऱ्याच्या बाजूला दोन खोल्या, मागे चार माड, पुढे अबोलीची रांग. घरातल्या हळदीच्या डब्यावरही चिठ्ठी: काय, कुठलं, कधी भरलं. जिच्यावर नाव नाही ती बाटली मोरीत ओतायची, हा तिचा प्रयोगशाळेतला नियम. तो तिने घरीही लावला, आणि पाहुण्याने आणलेलं घरगुती औषधी तेल एकदा त्याच्यादेखत मोरीत गेलं.

निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात. मालन पाण्यात शिरली. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर पडते आणि चहाला तिचा वास येतो. लोक कुरकुर करायचे, मालन त्यांनाच झापायची. "पावडर आहे म्हणून तुमची पोरं जुलाबाने आडवी नाहीत. वास नको असेल तर तो पिण्याच्या पाण्यातून काढा, टाकीत ओरडू नका." कशाने काढायचा? कार्बनने. करवंटी बंद भट्टीत जाळून, वर वाफ देऊन केलेला कार्बन. त्याच्या एकेका दाण्याला डोळ्यांना न दिसणारी इतकी भोकं असतात की वास, रंग, पावडर, सगळं त्यांत जाऊन अडकून बसतं. तिने स्वतःच्या घरी बसवला, चहा सुधारला, आणि वाडीत बातमी झाली.

मग लोक यायला लागले. त्यांना ती तीच तीन वाक्यं ऐकवायची. कार्बन वास काढतो, मीठ काढत नाही, म्हणून खाऱ्या विहिरीचं पाणी घेऊन माझ्याकडे येऊ नका. कार्बन जंतू मारत नाही, उलट पावडर काढून घेतो, म्हणून गाळलेलं पाणी उकळा आणि त्याच दिवशी संपवा. आणि कार्बनचं पोट भरतं. भरलं की बदला, फिल्टर म्हणजे आजोबांची पितळी घागर नव्हे.

वाडीतल्या धाकूकाका तांडेलांनी ऐकलं अर्धं. करवंटीचा कोळसा, एवढंच. चुलीतल्या करवंट्या विझवून, कुटून, फडक्यात बांधून त्यांनी माठात सोडल्या. दोन दिवस घर राखेचं पाणी प्यायलं.

"कोळसो तो कोळसो!" काका म्हणाले.

"काका, तुमची होडी लाकडाची आणि तुमचा पाट पण लाकडाचा. पाटावर बसून जाताय काय मासे मारायला?"

अशी ही बाई. आता तिची परीक्षा कशी झाली ते सांगायचं आहे.

बकुळा डोर्लेकर ही मालनची शाळेपासूनची मैत्रीण. बकुळाचा सुक्या मासळीचा धंदा. बांगडा, बोंबील, जवळा, सोडे. पावसाळ्याच्या आधी तिची वखार छपरापर्यंत भरलेली असते, आणि वखार म्हणजे काही लांब नव्हे, स्वयंपाकघराला लागूनच. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. या धंद्यावर तिने घर बांधलं आणि मुलगा सूरज बोटींची इंजिनं दुरुस्त करायला शिकला. सूरजने यंदा वैशाखात लग्न केलं. सून रुचिरा सावर्ड्याची. जातीतलीच, पण तिच्या वडिलांनी गळ्यात माळ घातल्यामुळे त्या घरात मासळी शिजत नाही. मुलगी गुणी. शहरातल्या एका डॉक्टरांकडे संगणकावर नोंदी करते, हळू बोलते, आणि कशाला नाही म्हणत नाही. हे शेवटचं वाईट. जो माणूस कशालाच नाही म्हणत नाही त्याला काय नको आहे ते कळणार कसं?

ते असं कळलं. लग्नाला तीन आठवडे झाले असतील. एका गुरुवारी बकुळा चपला फटकारत मालनच्या दारात आली आणि पायरीवरच बसली.

"मालू, माजी सून घरचं पाणी पीत नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तिच्या कपाटात बाटल्या गावल्या. साड्यांच्या मागं. तीन. दवाखान्यातून पाणी भरून आणते नि चोरून पिते. दारूच्या बाटल्या असत्या तर मी समजून घेतलं असतं गो!"

"तिला विचारलंस?"

"काय विचारू? आमच्या पाण्याची तुला किळस येते काय, असं? वखारीची बाई मी, मला काय उत्तर देईल ती? माझा वास येतोय असंच ना?"

मालनने तिला पाणी दिलं. बकुळा ते घटाघट प्यायली, पेला खाली ठेवला, आणि मग खरं ते बोलली. पुढच्या शुक्रवारी रुचिराचा भाऊ तिला आठ दिवसांसाठी माहेरी न्यायला येणार होता. "तिकडचं पाणी तोंडाला लागलं नि ती रमली, तर परत येईल ती नुसती नवऱ्यासाठी. माझ्या घरात पाहुणीसारखी राहील. जन्मभर बाटल्या लपवीत."

"वेडी आहेस. ते पावडरीमुळे आहे. तिला सवय नाही."

"असेल. नसेल पण."

"आठ दिवस दे मला," मालन म्हणाली. "शुक्रवारी तिचा भाऊ यायच्या आत तुझी सून तुझ्या घरचं पाणी मागून पिईल. नाही प्यायली तर मी पुन्हा कुणाच्या पाण्याला हात लावणार नाही."

शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण बोलून गेली, आणि बकुळाने ते संध्याकाळपर्यंत वाडीभर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मालन चिपळूणला निघाली. रत्नागिरीत फिल्टरचं सामान मिळतं, पण कार्बन बंद नळीत भरलेला मिळतो. आत काय आहे ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर मालनचा विश्वास नाही. चिपळूणला मुसा सारंग सुटा कार्बन विकतात. वाटेत ती सावर्ड्याला उतरली, रुचिराचं घर विचारीत गेली आणि बकुळाच्या विहिणीला म्हणाली, "चहा नको. तुमच्या विहिरीचं पाणी द्या." बिचारी विहीण गोंधळली. मालनने पाण्याचा वास घेतला, घोट घेतला, जिभेवर घोळवला. गोड पाणी, हलकं. अगदी मागून येणारा कुजक्या पानांचा किंचित वास; विहिरीवर आंब्याची फांदी होती. ते तिने सांगितलं नाही. लेकीच्या माहेरच्या विहिरीला नाव ठेवण्याइतकी ती फटकळ नव्हती. बाटली भरून घेतली, चिठ्ठी लावली आणि पुढच्या गाडीत बसली.

मुसाभाईंचं दुकान नदीपासून लांब नाही, म्हणून त्यांचा सगळा माल माळ्यावर.

"पुरात भिजलेला नाही ना?" मालनने आत शिरताच विचारलं.

"ताई, बसा तरी."

"भिजलेला आहे की नाही?"

"पाऊस यायचाय अजून. गेल्या पावसानंतर आलेला माल आहे."

तीन पोती समोर आली. मालनने पर्समधून काचेच्या तीन छोट्या बाटल्या काढल्या, एक चमचा, आणि टिंक्चर आयोडिन. मुसाभाई काउंटरवर कोपर टेकून बघत राहिले. पहिला माल तिने बोटांत चोळला. बोटं काळी झाली आणि दाण्याचा भुगा. "हा करवंटीचा नाही." "नाही, दगडी कोळशाचा. स्वस्त आहे." "मग तो स्वस्तातल्या माणसाला द्या." दुसरा कडक होता, पण दाणा मोठा, वाटाण्याएवढा, पाणी मधून पळून जाईल. तिसरा लापशीच्या रव्याएवढा, कडक, चकचकीत. चिमूटभर पाण्यात टाकला तर सोड्यासारखा चुरचुरला आणि बुडबुडे सोडत तळाला गेला. भोकांतली हवा बाहेर येते ती. मग आयोडिन. तिन्ही बाटल्यांत पाणी, प्रत्येकीत सारखेच थेंब, पाणी कोऱ्या चहासारखं. एकेकीत एकेक चमचा कार्बन घालून तिने बाटल्या हलवल्या, काउंटरवर ओळीत ठेवल्या आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटांत तिसऱ्या बाटलीतलं पाणी निवळलं. पहिलीतलं अजून चहाच होतं.

"माझ्या दुकानात मीच कधी असं बघितलं नव्हतं," मुसाभाई म्हणाले.

"बघायला हवं होतं. तिसरा द्या, किलोभर."

त्यातला चमचाभर तिने वेगळ्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, चिठ्ठी लावली: मुसा सारंग, चिपळूण, तारीख. नमुना ठेवायचा म्हणजे ठेवायचा.

संध्याकाळी पिशवी बकुळाकडे पोचली. मालनने तिथेही आयोडिनचा प्रयोग करून दाखवला. रंग गेलेला बघून बकुळा गालाला हात लावून बसली. "असा वास पण खातो काय हा?"

"हवेतला पण खातो. पण पिशवीचं तोंड बांधून ठेव. अनिल आला की भरू."

अनिल प्लंबर. त्याला हॉटेलांची कामं होती गणपतीपुळ्याला. उद्या येतो, परवा येतो करत तो उगवला बुधवारी. मालनने पाच दिवस फोन करून त्याचा पिच्छा पुरवला होता. पिशवी तोवर बकुळाकडेच होती.

बुधवारी परसात बसून मालनने कार्बन धुतला. चार पाण्यांनी, काळं पाणी माडाच्या आळ्यात सोडून. मग जाळीच्या नळीत दाबून भरला, नळी ओट्याजवळच्या उभ्या भांड्यात बसवली, आणि अनिलने नळाला जोडली. पहिल्या दोन बादल्या सोडून दिल्या. तिसरी काचेसारखी.

रुचिरा दवाखान्यातून आली ती थेट ओट्यापाशी. मालनने उकळून गार केलेल्या पाण्याचा पेला भरून दिला. बकुळा दारात उभी, हात पदरात गुंडाळून.

रुचिराने पेला ओठांना लावला. एक घोट. तिचा चेहरा हसरा राहिला, पण गळा हलला नाही लगेच. मग हलला.

"छान आहे हो मावशी," ती म्हणाली आणि पेला ओट्यावर ठेवला. भरलेलाच.

एकतीस वर्षं मालनने मुलांना प्रयोगवहीत खोटी मापं लिहिताना पाहिलं होतं. असा चेहरा तिला दहा हातांवरून ओळखू येतो. तिने तो पेला उचलला, वास घेतला. पावडर पार गेलेली. आणि तिच्या जागी, मंद पण खणखणीत, सुकट.

"काय गो?" बकुळा म्हणाली.

"काही नाही. अजून धुवायला हवा," मालन म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाक्य अर्धं टाकून घरी निघाली. निघताना बकुळाने सवयीप्रमाणे तिच्या हातात जवळ्याची पुडी कोंबली.

घरी जाऊन ती खुर्चीत बसून राहिली. सूनबाई शुक्रवारी जाणार. वाडी विचारणार. पण तिला खरं डाचत होतं ते वेगळंच. तिने सगळं नीट केलं होतं. आणि नीट करूनही उत्तर चुकलं तर माणसाने धरायचं काय?

रागाला काहीतरी लागतं. मालनच्या रागाला मुसाभाई सापडले. गुरुवारी सकाळी ती पुन्हा चिपळूणच्या गाडीत.

"तुमच्या माळ्याच्या शेजारी कसलं गोदाम आहे?" दुकानात पाय ठेवताच तिने विचारलं. "मासळीचं आहे ना?"

"शेजारी वह्यापुस्तकांचं आहे."

"मग तुमच्या कार्बनला सुकटीचा वास कसा?"

मुसाभाई रागावले नाहीत. हे तिला जास्त लागलं. ते माळ्यावर चढले, तेच पोतं खाली घेऊन आले आणि पोत्याचं तोंड तिच्यापुढे उघडलं. "घ्या वास. मग तुमच्या त्या बाटल्या काढा. आज मी पण घड्याळ लावतो."

वास काही नाही. कोमट पाण्यात भिजवून घेतला, तरी नाही. आयोडिन दहा मिनिटांत निवळलं. मग त्यांनी तिच्या पर्सकडे बोट दाखवलं. "आणि तुम्ही गेल्या वेळी बाटलीत भरून नेलेला?" ती बाटली होती, चिठ्ठीसकट. तोही स्वच्छ.

"आता काय म्हणणं आहे, मॅडम?"

एकतीस वर्षांत ऐकला नव्हता तो शब्द पहिल्यांदा ऐकला, तोही अशा वेळी. मालन घसा खाकरून म्हणाली, "माझं चुकलं, मुसाभाई."

"चुकलं नाही हो. कार्बन इथून चांगला गेला एवढंच कळलं. वाटेत काय झालं ते तुम्ही बघा." आणि त्यांनी चहा मागवला. या वेळी ती चहाला नाही म्हणाली नाही. निघताना तिने आणखी किलोभर घेतला, गोणपाटाच्या पिशवीवर प्लास्टिकची, तीवर आणखी एक, तोंड दोऱ्याने आवळून.

परतीच्या गाडीत ती वाट उलटी चालत आली. दुकान ठीक. पिशवी ठीक. एसटीत मांडीवर होती. मग बकुळाकडे पाच दिवस. तोंड बांध म्हणून सांगितलं होतं. अनिलचे हात? अनिलचे हात बिडीचे, मासळीचे नव्हेत. धुताना आपल्याला वास का आला नाही? कारण बकुळाच्या परसात उभं राहिलं की साऱ्या जगालाच बांगड्याचा वास येतो. तो कुठून येतोय हे तिथे कसं कळणार! पण वास कार्बनमध्ये शिरला कसा? बांधलेल्या पिशवीत?

घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. सकाळपासून पोटात मुसाभाईंच्या चहाशिवाय काही नव्हतं. जवळ्याचं कालवण करावं म्हणून तिने पुडी सोडली, सुपात ओतली आणि चष्मा लावून निवडायला बसली. जवळ्यात कचरा असतोच; वाळू, शिंपल्याचा तुकडा, एखादी काडी. आज एक काळा दाणा निघाला. मग दुसरा. लापशीच्या रव्याएवढा. कडक. चकचकीत.

तिने पाच दाणे बशीत वेगळे काढले. वाटीत पाणी घेऊन एक सोडला. तो चुरचुरला नाही, नुसता बुडाला. पोट भरलेला.

मालन सुपाकडे बघत बसली, आणि मग एकटीच मोठ्याने हसली. इतकी की शेजारच्या घरातून कुणीतरी "काय झाला गो ताई?" म्हणून ओरडलं.

शुक्रवारी सकाळी, रुचिराचा भाऊ यायच्या आत, ती बशी घेऊनच बकुळाच्या स्वयंपाकघरात शिरली. रुचिरा पिशवी भरत होती, बकुळा भाकऱ्या थापत होती. मालनने बशी परातीशेजारी ठेवली.

"हे तुझ्या जवळ्यात निघालं."

बकुळाने बशीत पाहिलं. थापता हात थांबला. "खडा असेल."

"बकू, मी मुसाभाईला खोटारडा ठरवून आले काल. चिपळूणला जाऊन. माणसाने चहा पाजला मला. आता तू बोल."

बकुळाने पिठाचे हात परातीत झटकले. सुनेकडे बघितलं नाही. चुलीकडे बघत बोलली. "तूच म्हणालीस, हवेतला वास पण खातो. अनिल काय पाच दिवस येत नव्हता. मला वाटलं, तोवर नुसता पडून राहण्यापरीस... दोन सुपांत पसरला नि वखारीत ठेवला, फळीवर, जवळ्याच्या वर. तिच्या खोलीची खिडकी वखारीकडेच हाय ना. वास कमी झाला गो, खरंच झाला! मी रोज जाऊन बघायची. बुधवारी अनिल आला म्हटल्यावर गोळा करून परत पिशवीत भरला. थोडा सांडला असेल."

"आणि तोच आम्ही फिल्टरात भरला."

"मला काय ठाव, एकदा खाल्लेलं तो पाण्यात ओकतो म्हणून!"

"वासाने भरलेला होता तो. आणि बुधवारी मी पेल्याचा वास घेतला तेव्हा तुला कळलं होतं. तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलू काय? सुनेला माझ्या वखारीचा वास नको म्हणून हे सगळं केलं, नि तिच्या तोंडात तोच घातला!" बकुळाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते धुराच्या नावावर पुसलं. चूल गॅसची होती.

पिशवीची चेन अर्धी लावून रुचिरा उभी होती. महिनाभर जी मुलगी "छान आहे हो" याच्या पलीकडे गेली नव्हती, ती पहिल्यांदा नीट बोलली.

"आई, वखारीचा वास नको असं मी कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीस, पण..."

"मला पावडरीने मळमळायचं. दवाखान्यात दिवसभर तसलाच फिनेलचा वास, घरी आलं की पाण्यातही तो. म्हणून बाटल्या आणायचे. सांगितलं तर तुम्हाला वाटेल पाण्याला नाव ठेवते. आणि परवा पाण्याला सुकटीचा वास आला, तर ते कसं सांगायचं? तुमच्या धंद्याला नाव ठेवल्यासारखं झालं असतं. वखारीचं काय, सूरजच्या शर्टांना डिझेलचा वास येतो. मी त्याला सोडलं काय?"

बकुळा आता सुनेकडे वळली.

"तुम्हा दोघींना," मालन म्हणाली, "तोंडं दिलीत देवाने. एक बाटल्या लपवते, दुसरी सुपं लपवते, आणि मी एसटीत बसून चिपळूणच्या वाऱ्या करते. चल, तो पाना दे इकडे."

अनिलची वाट बघायला वेळ नव्हता. मालनने स्वतः नळ बंद केला, भांड्याचा आटा फिरवला, नळी रिकामी केली. नळी आणि भांडं साबणाने, मग गरम पाण्याने. नवा कार्बन तिने परसात धुवायला नेला नाही. न्हाणीघराचं दार लावून आत धुतला. बकुळाला आत यायला बंदी. "तू हात लावायचा नाहीस. तुझ्या हाताला बांगडा आहे." रुचिराने नळी धरली, मालनने चमच्याने भरला. दोन बादल्या काळपट पाणी माडाला. तिसरी बादली निवळशंख.

पहिला पेला मालनने स्वतः नाकाशी नेला. डोळे मिटून. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, रुचिराच्या भावाचा आवाज आला, कुणीही हललं नाही.

"काही नाही," मालन म्हणाली. तिच्या तोंडी ही सर्वांत मोठी स्तुती. "पण उकळून मगच."

पाणी उकळलं. थंड व्हायला दुसऱ्या परातीत गार पाणी घालून त्यात पातेलं ठेवलं. भाऊ बाहेर पंख्याखाली बसून सूरजशी बोलत होता, आणि आत तीन बायका एका पातेल्याभोवती उभ्या होत्या. शेवटी रुचिराने पेला बुडवला. एक घोट. गळा लगेच हलला. मग दुसरा, तिसरा, आणि तिने पेला पालथा केला. हनुवटीवरून पाणी ओघळलं ते मनगटाने पुसलं.

"आई, अजून एक घेऊ?"

"विचारतेस काय!" बकुळा ओरडली, इतक्या मोठ्याने की बाहेरचा भाऊ दचकून उठला. "घागर घे! पातेलं घे!"

मालन परातीकडे वळून भाकरीचं पीठ मळायला लागली, कारण कुणीतरी मळायला हवं होतं.

रुचिरा माहेरी गेली. वखारीत वाया गेलेला कार्बन मालनने टाकू दिला नाही. दोन दिवस कडक उन्हात पसरून, जुन्या परकराच्या कापडाच्या पुरचुंड्या शिवून, त्या तिने वखारीच्या वाशांना टांगल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: वखारीसाठी. पिण्यासाठी नाही. खाली तारीख. आणि त्याखाली, बकुळाला वाचायला लागावं म्हणून, जाड अक्षरात: बकुळाने हात लावू नये.

"शाळेतली वही हाय काय ही माझी वखार?" बकुळा म्हणाली. पण एकही चिठ्ठी काढली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बकुळाच पुन्हा पायरीवर येऊन बसली. फोन कानाला. "घे, तुझ्याशीच बोलायचंय म्हणते." आणि स्पीकर लावून दिला, अर्थात स्वतःला ऐकायला मिळावं म्हणून.

"मावशी," सावर्ड्याहून रुचिराचा दबका आवाज आला, "एक विचारू? इथल्या विहिरीच्या पाण्याला पानांचा वास येतो हो. कुजल्यासारखा. आधी कधी कळला नव्हता. हल्लीच यायला लागला असेल का?"

मालनने बकुळाकडे पाहिलं. बकुळाने पदर तोंडात कोंबला होता.

"हल्लीच आला असेल," मालन म्हणाली. "आईला काही बोलू नकोस. भावाला सांग, विहिरीवरची फांदी छाट. आणि येताना बाटली भरून आण. वर चिठ्ठी लाव."

"लावते. आणि मावशी, आईंना सांगा, मी रविवारी नाही, शनिवारीच येते."

"सांगते," मालन म्हणाली. सांगायची गरज नव्हती. बकुळा तोवर अंगण ओलांडून, धाकूकाकांच्या घराच्या दिशेने, फोन तिथेच पायरीवर विसरून, निघालीसुद्धा होती.